सामनेवाला वाक्य पुरवतो

कोर्टाच्या तारखेच्या दिवशी सकाळी बाईंनी नवऱ्याच्या कोटाचं लोंबकळणारं बटण पक्कं केलं, कॉलरवर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि कोट दोन्ही खांद्यांना धरून त्याच्यासमोर उघडला.

"घाला. माझ्याविरुद्ध उभं राहायचंय ना, मग नीटनेटके उभे राहा."

"मी तुझ्याविरुद्ध कुठे आहे गं? अर्ज तू केलायस. मी नुसता सामनेवाला."

"हात वर करा. काखेत दाटतोय?"

"नाही."

"मग चला. बस चुकेल."

आणि दोघं एकाच बसने निघाली. वेगळं राहण्याचा अर्ज केलेल्या माणसांनी निदान कोर्टात तरी वेगवेगळं जावं, असं बाईंच्या भावाचं म्हणणं होतं. पण त्या बाजूला जाणारी बस एकच, तिची वेळ एकच, आणि सुटे पैसे नेहमीप्रमाणे बाईंच्या पर्समध्ये. नवरा खिडकीशी बसला, कारण त्याला बस लागते. पर्समध्ये त्याच्यासाठी लिंबाची गोळीही होती.

या गृहस्थांना नाटक कंपनीत सगळे कुजबुजे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पगाराच्या दिवशी तेवढं उच्चारलं जाई. कुजबुजे प्रॉम्प्टर होते. म्हणजे नट वाक्य विसरला की विंगेच्या आडोशाला उभं राहून, प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही आणि नटाला मात्र ऐकू जाईल अशा बेताने पुढचे शब्द पुरवणारा माणूस. भरल्या नाट्यगृहात, डोळ्यांवर दिवे आलेले, समोर काळोखात शेकडो माणसं बसलेली, आणि डोक्यात एकाएकी सगळं पुसलं गेलेलं, असा क्षण ज्याच्या वाट्याला आला नाही त्याला या माणसाची किंमत कळायची नाही. त्या क्षणी डावीकडून, तापलेल्या दिव्यांवर जळणाऱ्या धुळीच्या वासातून, एक मऊ आवाज यायचा. शब्द कानात इतके अलगद उतरायचे, की नटाला वाटायचं आपल्यालाच आठवलं. पुष्कळ नटांना शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं. कुजबुज्यांना त्याचं वाईट वाटत नसे. उलट तीच त्यांची शान होती.

खोट एकच. नट अडकलाय की थांबलाय, हे त्यांना ओळखू येत नसे.

कंपनीच्या एका गाजलेल्या नाटकात नायक घर कायमचं सोडून निघतो. दाराच्या कडीवर हात ठेवतो, घराकडे पाठ करून नुसता उभा राहतो. बराच वेळ. मग "येतो" म्हणतो आणि जातो. बस्स, एवढंच. या एवढ्याशावर बायाबापड्या रुमाल भिजवायच्या. पण नायकाचा हात कडीवर पडला रे पडला, की विंगेतून सुरू व्हायचं, "येतो... येतो..." एकदा मध्यंतरात नायकाने पायातला बूट काढून हातात घेतला.

"अरे शहाण्या, तो पॉज आहे! पॉज! तिकडे लोक श्वास धरून बसलेत आणि तू मला घराबाहेर ढकलतोयस!"

"मला वाटलं विसरलात."

"एक शब्द आहे तिथे! एकच! तो विसरेन मी?"

"नाही, पण लोक वाट बघत होते..."

"मग बघू दे की! त्यासाठीच तिकीट काढतात ते!"

हे सगळं कपडेपटाच्या खोलीच्या दारात चाललं होतं. आत बाई नायकाच्या दुसऱ्या अंकाच्या कोटाला अस्तर लावत होत्या. कंपनीच्या कपड्यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे: शिवणं, उसवणं, धुणं, इस्त्री, आणि राजाच्या पोटाप्रमाणे अंगरख्याची शिवण सैल करणं. त्यांचं म्हणणं त्यांना तेव्हाच मांडायचं होतं, पण तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या असण्याचा हा काळ पुढे बराच लांबला.

कारण कुजबुजे घरीही कामावरच असत. दुकानात बाई म्हणायच्या, "मला जरा..." आणि दुकानदाराच्या हातात तोवर साबण आलेला असायचा. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे दुखतंय?" बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच बाजूच्या स्टुलावरून मऊ आवाज आला, "डाव्या गुडघ्यात." डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, मलम लिहून दिलं. कुजबुजे घरी येईपर्यंत खुशीत होते. डॉक्टरांचा किती वेळ वाचवला! शेजारी मयत झाली तेव्हा भेटायला गेले. शेजारीण म्हणाली, "हे गेले, आता मी..." आणि हुंदका आला. "...कोणाच्या तोंडाकडे बघू," कुजबुजे हळूच म्हणाले. शेजारणीने डोळे पुसून त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मी म्हणत होते, आता मी दूध अर्धाच लिटर घेते."

तेव्हा शहाण्या माणसाने धडा घेतला असता. कुजबुज्यांना वाटलं, बिचारी शोकात आहे.

मग कंपनी बंद झाली. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा सत्कार झाला आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंना रंगमंचावर बोलावलं गेलं. हातात माईक दिला. बाई दिव्यांच्या उजेडात उभ्या राहिल्या. ज्या कपड्यांना त्यांनी इतकी वर्षं उजेडात धाडलं, तो उजेड असा गरम असतो हे त्यांना तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "मला एवढंच सांगायचंय..." आणि थांबल्या.

विंगेत कोण उभं होतं, हे सांगायला नकोच.

"...की रंगभूमी ही माझी आई," डावीकडून शब्द आले. आणि बाई ते बोलल्या. पुढचं वाक्य आलं, तेही बोलल्या. मायेचा पदर, कलेची वीण, आयुष्याचं वस्त्र. व्यवस्थापकांचे आभार, नटांचे आभार, दिवेवाल्यांचे आभार. एकामागून एक शब्द कानात उतरत गेले आणि तोंडातून निघत गेले. नाट्यगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, शेवटच्या रांगा उभ्या राहिल्या. बाईंची खरी आई मशीनवर गोधड्या शिवायची आणि नाटकाच्या नावाने बोटं मोडायची.

घरी आल्यावर बाई पलंगाच्या कडेला बसल्या. "माझं भाषण राहिलं," म्हणाल्या.

"अगं, काय भाषण केलंस तू! नायकाने डोळे पुसले."

"ते तुमचं होतं."

"असं प्रत्येक नटाला वाटतं, मग—"

"मी नट नाही."

त्यानंतर बाई कमी कमी बोलू लागल्या. त्या जितक्या कमी बोलत, तितक्या जागा कुजबुज्यांना भरायला मिळत, आणि ते नेटाने भरत. मग एके दिवशी बाईंनी वेगळं राहण्याचा अर्ज केला. कुजबुज्यांना आधी वाटलं, एखादं नाटक वाचून आली असेल. पण अर्जावर शिक्का होता. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. ही बाई घरात नसेल तर आपण उभं कुठे राहायचं, हेच त्यांना सुचेना. विंग असते ती रंगमंचाला असते. रंगमंचच उचलून नेला तर नुसत्या विंगेत माणूस काय करणार?

कायद्याचा शिरस्ता असा, की कोर्टात उभं राहण्याआधी मध्यस्थाकडे जायचं. मध्यस्थ मॅडम तरुण होत्या, उत्साही होत्या. खोलीत गोल टेबल, प्लास्टिकचं झाड, कागदी रुमालांचा डबा. मॅडमनी टेबलावर एक रबरी चेंडू ठेवला. त्यावर हसरा चेहरा काढलेला होता.

"नियम सोपा आहे. चेंडू ज्यांच्या हातात, तेच बोलणार. दुसऱ्याने फक्त ऐकायचं."

बाईंनी चेंडू उचलला. "माझं म्हणणं इतकंच आहे, की इतकी वर्षं..." त्या चेंडूवरच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

कुजबुज्यांनी अलगद त्यांच्या हातातून चेंडू घेतला, "...या माणसाने मला एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही," असं म्हणाले, आणि चेंडू पुन्हा त्यांच्या हातात ठेवला.

मॅडमनी लिहून घेतलं. मग पेन थांबलं. "हे कोण बोललं?"

"ही," कुजबुजे म्हणाले.

"चेंडू तुमच्याकडे होता."

"अडकली होती ती."

"अहो, हे तुमच्याच विरुद्ध आहे. कळतंय ना तुम्हाला?"

"हो तर. पण वाक्य बरोबर आहे. विचारा तिला."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "वाक्य बरोबर आहे. तेच तर दुखणं आहे."

"काका, तुम्हाला यांच्यापासून वेगळं व्हायचंय का?"

"छे! मुळीच नाही."

"मग यांची बाजू तुम्ही का मांडताय?"

"कोणीतरी मांडायला नको? बघा ना, किती चाचरतेय."

असं तासभर चाललं. चेंडू इकडून तिकडे जात राहिला. तास संपला तेव्हा बाईंच्या बाजूने एक अतिशय मुद्देसूद, ओघवती कैफियत तयार झाली होती, आणि तिच्यातलं एकही वाक्य बाईंनी पुरं केलेलं नव्हतं. मॅडमनी अहवालात लिहिलं, 'उभय पक्षांत सर्व मुद्द्यांवर पूर्ण एकमत आहे. सबब मध्यस्थी असफल.' जाताना चेंडू त्यांनी स्वतःच्या पर्समध्ये टाकला. त्यांनाही काही बोलायचं असावं.

तर आता कोर्ट. कौटुंबिक न्यायालयाच्या त्या दालनात पुढे साहेबांचं टेबल, बाजूला टंकलेखक, मग बाकांच्या रांगा आणि त्यांवर आपापल्या पाळीची वाट बघणारी जोडपी, मध्ये एकेका माणसाची जागा सोडून बसलेली. बाकांच्या मागे काचेच्या भिंतीपलीकडे मुलांची खोली होती: चिमुकल्या लाल खुर्च्या, चाकांचा घोडा, फळा. बाईंचा धाकटा भाऊ आधीच येऊन बसला होता. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस. कुठलीही गोष्ट वर जाते नाहीतर खाली येते, मध्ये अडकली तर दार उघडावं, एवढंच त्याला ठाऊक.

"भाऊजी, तुम्ही तिकडे बसा. ताई इकडे बसेल."

"पण तिची गोळ्यांची पिशवी माझ्याकडे आहे."

"द्या ती इकडे."

पुकारा झाला. बाई उठून पुढे गेल्या. साहेब पोक्त होते, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. माणसांची भांडणं ऐकून माणूस जसा होतो तसे.

"मध्यस्थीचा अहवाल मी वाचला," ते म्हणाले. "दोनदा वाचला. बाई, तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत सांगा."

बाईंनी चष्मा नीट केला. "साहेब, माझी तक्रार यांच्या स्वभावाबद्दल नाही. ती..."

"...सवयीबद्दल आहे."

"...सवयीबद्दल आहे," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांचा चेहरा पडला.

टंकलेखकाची बोटं चालली. साहेबांनी मान वर केली. "आवाज कुठून आला?"

सगळ्यांनी छताकडे, खिडकीकडे, एकमेकांकडे पाहिलं. शिपायाने कपाटामागे डोकावून पाहिलं. कुजबुज्यांनी ओठही हलवले नव्हते. कसब म्हणजे कसब. शेवटी बाईंच्याच भावाने बोट दाखवलं.

"तुम्ही कोण? यांचे वकील?"

कुजबुजे अदबीने उठले. "नाही साहेब. सामनेवाला."

"सामनेवाला अर्जदाराला वाक्यं पुरवतोय?"

"फक्त अडकली तर."

साहेबांनी नाकाचा शेंडा चिमटीत धरला. "मागच्या बाकावर जाऊन बसा."

मागच्या बाकावरून आवाज देणं म्हणजे आरडाओरडा, आणि आरडाओरडा कुजबुज्यांच्या धर्मात बसत नव्हता. त्यांनी खुणा सुरू केल्या. बाई "आणि मग दुकानात..." म्हणून थांबल्या, तर यांनी हवेत हात चोळून साबण दाखवला. शेजारचं जोडपं, जे महिनोन्‌महिने एकमेकांशी बोललं नव्हतं, ते आपसात कुजबुजलं, "काय म्हणतायत?" "बहुतेक हात धुतायत."

"ते काय चाललंय मागे?" साहेब कडाडले. "यांना त्या काचेपलीकडे बसवा."

शिपायाने कुजबुज्यांना मुलांच्या खोलीत नेलं. ते लाल खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीला टेकले. काचेतून बाईंची पाठ दिसत होती, आवाज दाराच्या फटीतून जेमतेम येत होता. त्यांना दिसलं, बाईंचे खांदे वर झाले आणि तसेच राहिले. अडकली! इकडे फळा होता, खडू होता. त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फळा काचेला लावला. बाईंची पाठ होती, पण साहेबांचं तोंड याच बाजूला होतं.

साहेबांनी मोठ्याने वाचलं, "'गुडघा सांग'." "गुडघ्याचं काय?"

बाई वळल्या, काचेकडे पाहिलं, पुन्हा साहेबांकडे वळल्या. आणि या वेळी मात्र न थांबता बोलल्या, "डॉक्टरांनी मला विचारलं कुठे दुखतं. यांनी सांगितलं, डावा गुडघा. साहेब, माझा उजवा दुखत होता. अजून दुखतो. मलम मी उजव्याला लावते."

कुजबुजे फळा हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी तो बाहीने पुसला, इस्त्री केलेल्या बाहीने, आणि थोड्या वेळाने पुन्हा काचेला लावला. त्यावर लिहिलं होतं, 'उजवा??'

"उजवा," बाई काचेला म्हणाल्या.

साहेबांनी बाईंच्या भावाला खूण केली. "आणा त्यांना इकडे. माझ्या टेबलाजवळ बसवा, म्हणजे तोंडावर माझं लक्ष राहील."

मेहुणा आत गेला. खालच्या आवाजात पण दात-ओठ खात म्हणाला, "अहो भाऊजी, ताईला बोलता आलं नाही तर अर्ज बाद होणार. तुम्ही नुसतं गप्प बसलात तरी जिंकाल! एवढं साधं कळत नाही?"

"कळतं ना."

"मग?"

"अरे, पण एवढ्या लोकांसमोर प्रयोग पडतोय तिचा."

मेहुण्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टकडे पाहतात, आणि दार उघडून धरलं.

कुजबुजे साहेबांच्या टेबलाजवळ बसले. बाई हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. ते हळूच म्हणाले, "उजवा होता, तर तू कधी बोलली नाहीस."

"कधी बोलू?" बाई म्हणाल्या.

"शांतता," साहेब म्हणाले. "बाई, आता शेवटचं विचारतो. तुम्हाला यांच्यापासून वेगळं राहायचंय का, आणि का, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही बोलला नाहीत तर मला हा अर्ज आजच बंद करावा लागेल, आणि तुम्ही दोघं आलात तशी घरी जाल. आणि गृहस्थ, तुम्ही एक अक्षर उच्चारलंत, तर मी तुम्हाला कोर्टाचा अवमान म्हणून बाहेर काढेन. समजलं?"

कुजबुज्यांनी मान हलवली.

बाई तशाच उभ्या राहिल्या. बोलल्या नाहीत. वर पंख्याचं एक पातं कुरकुरत होतं. टंकलेखकाने बोटं कळांवर ठेवली होती, ती तशीच. बाकांवरची जोडपी पुढे झुकली.

कुजबुज्यांचे ओठ आपोआप विलगले. इतक्या वर्षांची सवय, ती काही साहेबांच्या धाकाला जुमानणार नव्हती. पहिलं वाक्य जिभेवर आलं, 'हो साहेब, मला वेगळं राहायचंय.' पण ते तिचं होतं का? दुसरं आलं, 'नाही साहेब, रागाच्या भरात अर्ज केला.' हेही छान होतं, त्यांना स्वतःला फार आवडलं असतं. पण डावा गुडघाही त्यांना तितकाच खात्रीचा वाटला होता. तिसरं, चौथं, पाचवं. बाई कपडे नटांच्या अंगाला लावून बघायच्या, तशी ते एकेक वाक्य बाईंच्या अंगाला लावून बघू लागले. एकही बसेना. आणि मग वाक्यंच संपली. त्यांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ऐकल्याशिवाय त्या खुर्चीतून उठायची त्यांची तयारी नव्हती.

"साहेब," बाई म्हणाल्या, "आधी माझं भाषण राहिलंय."

"कसलं भाषण?"

बाईंनी सत्काराचं सांगितलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, ताटकळलेल्या जोडप्यांकडे पाहिलं. "किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. अजून केलेलं नाही."

"करा," साहेब म्हणाले, आणि खुर्चीत मागे रेलले.

बाईंनी दोन्ही हात पुढे घेतले. माईक नव्हता, म्हणून चष्म्याची पेटी धरली.

"रंगभूमी माझी आई वगैरे नाही. माझ्या आईला नाटक आवडायचं नाही, मलाही विशेष नाही. मला कपडे आवडतात." त्या थांबल्या. कोणीही काही बोललं नाही. "माझ्या खोलीतून रंगमंच दिसायचा नाही. नुसतं ऐकू यायचं. आमचे नायक, सगळ्यांना वाटायचं त्यांना भीती ठाऊक नाही. प्रवेशाच्या आधी ते माझ्या खोलीत यायचे आणि हँगरवरच्या एका रिकाम्या कोटाची बाही धरून उभे राहायचे. मोठ्या माणसाचा हात धरावा तसे. मी इस्त्री करत राहायचे. दोघंही बोलायचो नाही. मग बाही सोडून जायचे आणि राजासारखे चालायचे. ती बाही सारखी चुरगळायची. मी ती परत परत इस्त्री केली. कोणी विचारलं नाही की न घातलेल्या कोटाची बाही चुरगळते कशी."

बाकांवर कोणीतरी नाक ओढलं.

"आणि ते दारापाशी उभे राहायचे ना, 'येतो' म्हणायच्या आधी, तेवढ्यात सगळं नाट्यगृह गप्प व्हायचं. मी इस्त्री उचलून धरायचे, कपडा जळू नये म्हणून. मला सगळ्या नाटकात तेवढंच आवडायचं." त्या जरा थांबल्या. "आणि तेवढ्यात यांचा आवाज यायचा."

मागून हसू फुटलं. साहेबांनी खोकल्याचं निमित्त केलं. कुजबुजे मान खाली घालून, पण कान टवकारून बसले होते.

"त्या दिवशी मी व्यवस्थापकांचे आभार मानले. ते मी परत घेते. माझ्या खोलीत खिडकी नव्हती, दिवसभर इस्त्री चालायची, आणि त्यांनी पंखा लावला नाही."

"लिहून घ्या," साहेब टंकलेखकाला म्हणाले. "अर्जदाराने व्यवस्थापकांचे आभार मागे घेतले."

"दिवेवाल्यांचे राहू द्या. माणसं चांगली होती."

"दिवेवाल्यांचे आभार कायम." टंकलेखकाने टाइप केलं. "आणखी काही?"

बाईंनी चष्म्याची पेटी या हातातून त्या हातात घेतली. "यांच्याबद्दल एक वाक्य होतं भाषणात. यांनी मला सगळ्यांचे आभार सांगितले, स्वतःचं नाव तेवढं गाळलं. माझं वाक्य त्याच जागी होतं."

कुजबुज्यांनी मान वर केली.

"बोला," साहेब म्हणाले.

"नाही. ते आज नाही."

"मग कधी?"

"मला पाहिजे तेव्हा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, अर्जाचं काय करू मग? वेगळं राहायचंय की नाही?"

"ते मला अजून ठरवता येत नाही. मला पुढची तारीख द्या."

"कशासाठी?"

"इथे मला कोणीतरी विचारतं, आणि मग सगळी गप्प बसतात," बाई म्हणाल्या. "अशी दुसरी जागा मी पाहिलेली नाही."

"हे न्यायालय आहे, बाई."

"हो, चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पंखासुद्धा आहे."

साहेबांनी वर कुरकुरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी डायरी ओढली आणि पुढची तारीख दिली. सामनेवाल्याची काही हरकत आहे का, असं विचारायला ते वळले, पण सामनेवाल्याने तोंडावर हात घट्ट धरला होता आणि मानेनेच सांगत होता, नाही, नाही, मुळीच नाही.

परतीची बसही एकच होती. मेहुण्याने गोळ्यांची पिशवी बहिणीकडे दिली, तिने ती नवऱ्याकडे दिली. कुजबुजे खिडकीशी बसले. लिंबाची गोळी तोंडात धरून दोन चौक त्यांनी काढले. मग न राहवून म्हणाले, "ते वाक्य—"

बाईंनी नुसतं पाहिलं.

"मी कुठे काही म्हणतोय," कुजबुजे म्हणाले. "चांगलं होतं की वाईट, तेवढंच."

"पुढच्या तारखेला या. बघू."

"येणारच. सामनेवाला आहे मी."

कंडक्टर आला. "कुठे?"

बाईंनी पर्स उघडली आणि थांबल्या. कंडक्टर दांडा धरून उभा राहिला. कुजबुज्यांच्या घशाशी त्यांच्या स्टॉपचं नाव आलं. ते त्यांनी लिंबाच्या गोळीबरोबर गिळलं, आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचा स्टॉप आला. दार उघडलं, दार मिटलं, स्टॉप गेला.

"ओ बाई," कंडक्टर म्हणाला, "विसरलात का कुठे जायचंय?"

"विसरली नाही ती," कुजबुजे खिडकीला म्हणाले. "थांबलीय."

बाईंनी सुटे पैसे कंडक्टरच्या हातावर ठेवले. "शेवटच्या स्टॉपची दोन द्या."

शेवटच्या स्टॉपला काय आहे, कुजबुज्यांना ठाऊक नव्हतं. ते कधी तिथवर गेले नव्हते. त्यांनी विचारलं नाही.